त्याग कोणाचा? जातककथांमधील दान पारमिता



वर्षावास सुरू झाला की महाराष्ट्रातील विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. इथे अमेरिकेत रोज विहारात जमणे आपल्याला जमत नाही. कोणी रात्रपाळी करतो, कोणाची मुले लहान आहेत, कोणाला विहार गाठायला दोन तास गाडी चालवावी लागते. तरी शनिवारी-रविवारी, कधी कोणाच्या घरी तर कधी ऑनलाइन, आपण हे वाचन चालू ठेवतो. या वाचनात दहा पारमितांचा भाग आला की दान पारमितेपाशी थोडे थांबले पाहिजे. कारण बाबासाहेबांनी तिथे दानाचा अर्थ फार मोठा केला आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दुसऱ्याच्या भल्यासाठी आपली संपत्ती, आपले रक्त, आपले अवयव आणि वेळ पडल्यास प्राणसुद्धा देणे म्हणजे दान, असे ते सांगतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील बारावी प्रतिज्ञा दहा पारमितांच्या पालनाची आहे. म्हणून दान पारमिता हा भिक्खूंपुरता विषय नाही. तो तुमच्या-आमच्या घरातला विषय आहे.

पण ‘त्याग’ हा शब्द आपल्या समाजाच्या कानाला सरळ लागत नाही. एका बाजूला बाबासाहेबांचा आणि माता रमाईंचा त्याग आठवून आपली मान आदराने झुकते. दुसऱ्या बाजूला एकलव्याचा कापून घेतलेला अंगठा आठवतो. शतकानुशतके ज्यांच्याकडून श्रम, जमीन, शिक्षण आणि मान काढून घेतला गेला, त्यांना वर ‘सेवा हाच तुमचा धर्म’ असे शिकवले गेले. मग जातककथांमधला आत्मत्याग हा त्यातलाच प्रकार आहे की वेगळा? आपल्या मुलांना या कथा सांगताना आपण नेमके काय शिकवत असतो? आजच्या पाठात याचा विचार करू.

जातककथा कशा वाचाव्यात

पाली तिपिटकातील खुद्दकनिकायात ‘जातक’ हा ग्रंथ आहे. प्रचलित संग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांतील गाथा हा मूळ भाग, आणि आपण ज्याला गोष्ट म्हणतो ते गद्य अट्ठकथेत येते. या कथांमध्ये बोधिसत्त्व कधी ससा असतो, कधी हरीण, कधी व्यापारी, कधी राजा. मातंग जातकात तो चांडाळ कुळात जन्मलेला आहे. सांची आणि भारहुतच्या दगडांवर या कथा कोरलेल्या आहेत. आपल्या अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात छद्दन्त हत्तीची कथा आहे, आणि १७ क्रमांकाच्या लेण्यात तर अनेक जातके भिंतींवर रंगवलेली आहेत. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मुलांना हे लेणे नक्की दाखवा.

इथे एक खुलासा हवा. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे तथागतांनी मानले नाही, आणि बाबासाहेबांनीही ते स्पष्टपणे नाकारले आहे. आजचे दुःख हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, हा विचार तर जातिव्यवस्थेचा आधारच होता. म्हणून जातककथा आपण मागच्या जन्माचा पुरावा म्हणून वाचत नाही. माणसाने कसे वागावे हे शिकवणाऱ्या कथा म्हणून वाचतो. मराठीत धर्मानंद कोसंबींनी यांतील अनेक कथा सोप्या भाषेत आणल्या, त्या वाचतानाही हीच दृष्टी ठेवावी.

पाली परंपरेत प्रत्येक पारमीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. दानाच्या बाबतीत, आपल्याजवळची वस्तू देणे ही पारमी, शरीराचा अवयव देणे ही उपपारमी आणि प्राण देणे ही परमत्थपारमी. पहिली पायरी आपल्या सर्वांच्या आवाक्यातली आहे. दुसरी, विज्ञानामुळे, आज पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. तिसरी पायरी समजून घेण्यासाठी आता तीन कथा पाहू.

ससा: दिले ते स्वतःचे होते

सस जातकात (क्रमांक ३१६) ससा, पाणमांजर, कोल्हा आणि माकड असे चार मित्र आहेत. उपोसथाच्या दिवशी कोणी याचक आला तर त्याला आपल्या अन्नातून द्यायचे, असे ते ठरवतात. पाणमांजराला नदीकाठच्या वाळूत कोळ्याने पुरून ठेवलेले सात मासे सापडतात. कोल्ह्याला शेतराखणाच्या झोपडीत मांस, घोरपड आणि दह्याचे मडके मिळते. दोघेही ‘याचा कोणी मालक आहे का?’ असे तीनदा विचारतात आणि उत्तर आले नाही म्हणून ते घेऊन येतात. माकड झाडावरचे आंबे आणते. सशाजवळ मात्र फक्त गवत आहे, आणि गवत माणसाला कसे द्यायचे?

शक्र ब्राह्मणाच्या वेशात येतो, तेव्हा ससा त्याला अग्नी पेटवायला सांगतो आणि स्वतःचे शरीर देऊ करतो. उडी मारण्याआधी तो तीन वेळा अंग झटकतो. आपल्या केसांत एखादा किडा असेल तर तो आपल्याबरोबर जळू नये, एवढ्यासाठी. पुढे अग्नी बर्फासारखा थंड लागतो, आणि शक्र सशाचे चित्र चंद्रावर काढतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मुलांना चंद्रावरचा ससा आवडतो. मोठ्यांनी मात्र ते अंग झटकणे लक्षात ठेवावे. आपल्या त्यागाची किंमत दुसऱ्या कोणाला, अगदी एखाद्या किड्यालाही, मोजावी लागू नये याची काळजी त्यात आहे. म्हणून पहिली कसोटी ही, की जे दिले ते खरोखर देणाऱ्याचे स्वतःचे होते का?

हरीण: ज्याला सवलत होती त्याने ती सोडली

निग्रोधमिग जातकात (क्रमांक १२) वाराणसीच्या राजाच्या उद्यानात हरणांचे दोन कळप आहेत. एकाचा नायक निग्रोध, दुसऱ्याचा साख. दोघेही सोन्याच्या रंगाचे, म्हणून राजाने दोघांना अभय दिलेले आहे. बाकीच्या हरणांनी मात्र रोज एक, पाळीपाळीने, मरायला जायचे असे ठरलेले आहे. एके दिवशी साखाच्या कळपातील एका गाभण हरिणीची पाळी येते. ‘पिल्लू होईपर्यंत माझी पाळी पुढे ढकला,’ असे ती विनवते. साख म्हणतो, पाळी बदलता येणार नाही. ती निग्रोधाकडे जाते. निग्रोध तिला परत पाठवतो आणि स्वतः जाऊन वधाच्या ओंडक्यावर मान ठेवतो.

इथे थोडा विचार करा. निग्रोधाला तिच्या जागी दुसरे हरीण पाठवता आले असते. साखाने केले तसे नियमावर बोट ठेवून हात झटकता आले असते. पण एकाचे मरण दुसऱ्याच्या गळ्यात टाकणे त्याला मान्य नव्हते. अभय मिळालेल्याने आपले अभय खाली ठेवले.

गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्यासाठी पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. राजा येतो, चकित होतो आणि म्हणतो, तुला आणि तिला अभय. निग्रोध विचारतो, उद्यानातल्या बाकीच्या हरणांचे काय? राजा त्यांनाही अभय देतो. उद्यानाबाहेरच्या हरणांचे काय? इतर चतुष्पादांचे? पक्ष्यांचे? पाण्यातल्या माशांचे? एकेक प्रश्न विचारत तो अभयाची कक्षा वाढवत नेतो. आपली सुटका झाली की गप्प बसणे हा त्याचा धम्म नाही. दयेची भीक एकट्यापुरती असते. अधिकार सर्वांचा असतो. महाडच्या चवदार तळ्यापासून संविधानापर्यंत बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: बाकीच्यांचे काय? म्हणून दुसरी कसोटी ही, की त्याग बलवानाने दुबळ्यासाठी केला की दुबळ्याला बलवानासाठी करावा लागला?

वानरराज: पैलतीरी पोहोचलेल्याने दोर परत आणला

महाकपि जातकाची (क्रमांक ४०७) कथा हिमालयात, गंगेच्या काठी घडते. ८०,००० वानरांचा राजा असलेला बोधिसत्त्व आपल्या कळपासह एका मोठ्या आंब्याच्या झाडावर राहतो. एक फळ नदीत पडते, वाहत जाऊन वाराणसीच्या राजाला मिळते. त्याची चव आवडल्याने राजा सैन्यासह झाड शोधत येतो. रात्री धनुर्धारी झाडाला वेढा घालतात. सकाळ झाली की वानरांना मारायचे, असे ठरते.

वानरराज एकटाच एवढा बळकट आहे की तो नदीच्या पलीकडे उडी मारू शकतो. तो मारतोही. त्या क्षणी तो सुरक्षित असतो. पण तिथे तो एक लांब वेत तोडतो, त्याचे एक टोक पलीकडच्या झाडाला बांधतो, दुसरे आपल्या कमरेला, आणि परत उडी घेतो. वेत थोडा अपुरा पडतो. का? कमरेला गुंडाळायला किती वेत लागेल हे मोजायचे राहून गेलेले असते. तो हातांनी आंब्याची फांदी पकडतो आणि उरलेल्या अंतरात स्वतःच्या शरीराचा पूल करतो. सारे वानर त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात. शेवटचा एक मुद्दाम जोराने उडी मारतो आणि त्याला प्राणघातक दुखापत करतो. राजा हे सारे पाहत असतो. तो त्याला अलगद खाली उतरवतो, अंगाला तेल लावतो, गोड पाणी पाजतो आणि विचारतो, हे तुझे कोण लागतात? वानरराज सांगतो की ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मला राजा मानले, त्यांना सुखी करणे हे माझे काम होते. आता मला मरणाचे दुःख नाही. राज्य करणाऱ्यानेही प्रजेचे सुख असेच पाहावे. भारहुतच्या शिल्पात त्याला झेलण्यासाठी खाली कापड धरून उभी असलेली माणसेही कोरलेली आहेत.

वाचकहो, ही कथा आपल्याला सगळ्यात जवळची आहे, कारण आपण नदी ओलांडलेले लोक आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरे गिरवली. आज आपली मुले इथल्या शाळांत शिकतात. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले, पुढे लंडनला शिकले. पैलतीर त्यांनीही गाठला होता. पण ते दोर घेऊन परत गेले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. आपल्यापैकी कितीतरी जण याच पुलावरून इकडे आलो. आणि १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत, शिकलेली माणसे समाजाकडे पाठ फिरवतात याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले, हेही आपण विसरू नये.

दोर अपुरा का पडला, हे पुन्हा आठवा. जेवढा वेत स्वतःच्या कमरेला गुंडाळला गेला, तेवढाच कमी पडला. घराचा हप्ता, मुलांच्या कॉलेजची फी, निवृत्तीची तरतूद हे सगळे आवश्यकच आहे. कमरेला काहीच न बांधता उडी मारता येत नाही. पण उरलेले अंतर कशाने भरायचे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे.

वेस्संतर: प्रश्न विचारायला हवा

आता अवघड कथेकडे येऊ. वेस्संतर जातक (क्रमांक ५४७) ही संग्रहातील शेवटची कथा. इथल्या थाई किंवा श्रीलंकन विहारात तुम्ही गेला असाल तर तिची चित्रे भिंतीवर पाहिली असतील. त्या देशांत ती अतिशय श्रद्धेने ऐकली जाते. राजपुत्र वेस्संतर कोणी काहीही मागितले तर नाही म्हणत नाही. तो राज्याचा शुभ हत्ती देतो, वनवासात जातो, आणि तिथे जूजक नावाच्या ब्राह्मणाला आपली मुले जाली आणि कण्हाजिना ही गुलाम म्हणून देऊन टाकतो. त्यांची आई मद्दी तेव्हा फळे गोळा करायला रानात गेलेली असते. मुले तळ्यात लपतात. जूजक त्यांना वेलींनी बांधून मारत नेतो. पुढे वेस्संतर मद्दीलाही दान करतो. शेवटी आजोबा मुलांना सोडवतात आणि कुटुंब एकत्र येते.

हे वाचताना तुमच्या मनात प्रश्न आला, तर त्यात अश्रद्धा नाही. मिलिंद राजाने ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भदंत नागसेनांना हाच प्रश्न विचारला आहे: पत्नी आणि मुलांना दुःख देऊन दिलेले दान योग्य कसे? नागसेनांनी दानाची बाजू मांडली. परंतु ग्रंथाने राजाचा प्रश्न झाकून ठेवला नाही, तो दोन हजार वर्षे जपला. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि तो परिसर नागसेनवन झाला. विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही तिथे आहेत.

सशाच्या कसोटीवर ही कथा लावून पाहा. जाली आणि कण्हाजिना वेस्संतराच्या मालकीचे होते का? त्या काळी मुले बापाची संपत्ती मानली जात, म्हणून कथेला ते दान वाटले. आज आपण माणसाला कोणाचीच मालमत्ता मानत नाही. मग तिथे खरा त्याग कोणी केला? बापाने की बांधून नेलेल्या मुलांनी?

बाबासाहेब म्हणूनच प्रज्ञेवर भर देतात. दान हवे, पण प्रज्ञेविना केलेले दान घेणाऱ्याला लाचार करू शकते. करुणा हवी, पण प्रज्ञेविना ती दुष्टाला साहाय्य करू शकते. प्रत्येक पारमिता प्रज्ञेच्या मापाने मोजावी, असे ते सांगतात. तथागतांनीही सहा वर्षांच्या खडतर तपानंतर शरीराला यातना देण्याचा मार्ग सोडला आणि मध्यम मार्ग सांगितला. स्वतःला झिजवणे हे आपोआप पुण्य होत नाही. म्हणून तिसरी कसोटी ही, की हा त्याग स्वखुशीने, समजून-उमजून केलेला आहे का, आणि त्याने कोणाचे तरी दुःख खरोखर कमी झाले का?

एकलव्याचा अंगठा या तिन्ही कसोट्यांवर तपासा. तो बलवानाने दुबळ्याकडून मागून घेतला. त्याने कोणाचेही दुःख कमी झाले नाही, फक्त एका राजपुत्राचा पहिला नंबर सुरक्षित राहिला. जातकातील त्याग आणि हा त्याग यांत हाच फरक आहे. धम्मात त्याग मागून घेतला जात नाही.

आज आपण काय करू शकतो

उपपारमीपासून सुरुवात करू. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरच्या निमित्ताने रक्तदान करा. अमेरिकेत निरोगी प्रौढ व्यक्तीला ५६ दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. भारतातून नुकतेच आला असाल तर मलेरियाच्या नियमामुळे काही काळ थांबावे लागू शकते, ते केंद्रात विचारून घ्या. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना दुसऱ्याच्या मूलपेशी लागतात. त्या आपल्याच वंशाच्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त असते, आणि नोंदणीत दक्षिण आशियाई दाते कमी आहेत. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना द्यावा लागतो, इतकेच. आपल्या तरुण मुलामुलींना हे सांगा.

दुसरी गोष्ट घरातली. रमाईंनी सोसलेल्या कष्टांचे गोडवे आपण गातो. पण बाबासाहेबांनी त्यांचा त्याग गृहीत धरला नाही. फाळणीच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत त्यांचे ऋण मान्य केले. तुमच्या घरात कोणी आपली नोकरी, आपले शिक्षण, आपली झोप सोडली आहे? ते त्या व्यक्तीने स्वतः ठरवले होते की सर्वांनी मिळून तिच्याबद्दल ठरवले? असोसिएशनच्या कार्यक्रमात दर वेळी स्वयंपाकघरात कोण असते आणि मंचावर कोण असते, हेही जरा पाहावे.

तिसरी गोष्ट धैर्याची. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी परत पाठवले. दोन्ही ठिकाणी आपल्यातील काही माणसांनी स्वतःचे नाव आणि जात सांगून साक्ष दिली. नोकरीत, शेजारात त्याचे काय परिणाम होतील हे ठाऊक असून दिली. हा निग्रोधाचा त्याग आहे, लपून राहण्याची सवलत सोडण्याचा. पण तो कोणी दुसऱ्यावर लादू नये. ज्याला आज बोलणे शक्य नाही, त्याला दोष न देता, बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचा मार्ग तरी मोकळा ठेवावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. सशाने अंग झटकले. आपल्या समाजकार्याची किंमत नकळत कोण मोजत आहे?

२. निग्रोधाप्रमाणे ‘बाकीच्यांचे काय?’ हा प्रश्न आपण कुठे विचारायला हवा आणि विचारत नाही?

३. वेस्संतराची कथा तुमच्या मुलांना सांगा आणि जाली-कण्हाजिनाच्या बाजूने ती त्यांना पुन्हा सांगायला लावा. ती काय सांगतात ते नीट ऐका.

४. या वर्षी आपल्या कुटुंबाचा दोर कोणापर्यंत पोहोचेल? एक नाव ठरवा: गावाकडचा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, आणि ती व्यक्ती पदवीधर होईपर्यंत साथ द्या.

पुढील वाचनात शील पारमिता घेऊ. तोपर्यंत या कथा घरी मोठ्याने वाचा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.